मशीन तापतंय म्हणून ५२,००० चं नवं हप्त्यावर? आधी कार्बन काढून बघ

इंदूरच्या राजेंद्र नगरमधून एका मुलाचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. वय २६, तीन वर्षांपासून पत्र्याच्या शेडमध्ये कार डिटेलिंगचं, म्हणजे गाड्या आतून-बाहेरून चकाचक करून पॉलिश करायचं काम करतो, वॉशिंग आणि इंटिरिअर धरून सगळा खर्च जाऊन हातात २२,००० च्या आसपास राहतात, बाइकचा हप्ता २,९०० चा चालू आहे आणि खात्यात १५,००० पडलेत. त्याचं पाच इंची डीए (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे पॅड गोल फिरता फिरता हलवणारं) पॉलिशिंग मशीन पंधरा मिनिटांत इतकं तापतं की हातात धरवत नाही, जळका वास येतो, मग वीस मिनिटं थांबावं लागतं, त्यामुळे महिन्याला दोन गिऱ्हाइकं परत जातात. दुकानदार ५२,००० चं इटालियन मशीन बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर देतोय, रोख घेतलं तर ४८,५०० ला. दुसरा रस्ता म्हणजे आईची एफडी मोडायची. "ताई, काय करू?"

तू ताई म्हटलंयस म्हणून मीही तुला तूच म्हणते. आधी हे सांगते की तुझा हिशोब चुकलेला नाही. तू लिहिलंयस की परत जाणाऱ्या एका गाडीमागे ३,२०० बुडतात, त्यातले कंपाऊंड (घासायची पेस्ट), पॅड आणि पोराची मजुरी मिळून ९०० काढले तरी २,३०० तुझे, म्हणजे दोन गाड्यांचे ४,६००, आणि हप्ता ४,३३३, म्हणजे मशीन स्वतःचा हप्ता स्वतः फेडणार. कागदावर बरोबर आहे. पण हे सगळं एकाच गोष्टीवर उभं आहे, की नवं मशीन तापणार नाही. आणि तू जे पत्रात लिहिलंयस ते वाचून मला तरी वाटत नाही की तापण्याचं सगळं कारण जुन्या मशीनच्या आत आहे.

हे मी अंदाजाने म्हणत नाहीये. माझ्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, शाळेतून आल्यावर मी तिथेच अभ्यासाला बसायचे, वॉर्निशचा वास अजून नाकात आहे. कोणी ग्राइंडर घेऊन आला, म्हणाला "जळालंय, नवं घेतो", की बाबा आधी दोन्ही बाजूंच्या टोप्या उघडून कार्बन, म्हणजे फिरत्या मोटरला करंट पोचवणारे छोटे ठोकळे, बाहेर काढायचे आणि अंगठ्याच्या नखाजवळ धरून लांबी बघायचे. बरेचदा कार्बन झिजून नखाएवढा उरलेला असायचा आणि माणूस हजारोंचा खर्च करायला निघालेला असायचा.

तर मशीन नेमकं कुठे तापतं ते आधी बघ, कारण तू फक्त "तापतं" लिहिलंयस. पॅड काढ, मशीन सरळ भिंतीच्या बोर्डात लाव, मधे काही नको, आणि पाच मिनिटं वरच्या स्पीडवर रिकामं चालव. रिकामं असूनही पुढचं डोकं तापलं किंवा घरघर आली तर आतलं ग्रीस वाळलंय किंवा बेअरिंग गेलंय. मागची बाजू तापली आणि जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसल्या तर कार्बन. कार्बनपाशी बारीक ठिणगी उडणं नॉर्मल आहे, पण ठिणगी कम्युटेटरभर, म्हणजे कार्बन ज्या तांब्याच्या कड्यावर घासतात त्यावर, गोल फिरताना दिसली तर मामला आर्मेचरचा, म्हणजे मोटरच्या फिरत्या वाइंडिंगचा असू शकतो. आणि रिकामं चालवल्यावर काहीच झालं नाही, फक्त गाडीवर लावलं की तापतं, तर दोष मशीनच्या बाहेर आहे.

आता बाहेरचं. तू लिहिलंयस की पंचवीस मीटरच्या एक्स्टेंशन वायरच्या ड्रमवरून करंट घेतोस आणि अर्धी वायर ड्रमवर गुंडाळलेलीच असते. गुंडाळलेली वायर स्वतः तापते, बारीक वायरीत व्होल्टेजही पडतं, मोटर सुस्तावते, आतला पंखा मोटरच्याच शाफ्टवर असतो त्यामुळे तोही हळू फिरतो आणि वारा कमी होतो. वर तू तीन नंबरच्या स्पीडवर जोर देऊन दाबतोस. याचा अर्थ मोटरवर ओझं जास्त आणि हवा कमी. उलट कर, स्पीड चार-पाच आणि हात हलका. बॅकिंग प्लेटवर, म्हणजे पॅड ज्या चकतीवर चिकटतो तिच्यावर, मार्करने एक रेघ मार, काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे, ती फिरायची थांबली की समज तू पॅडला गोल फिरूच देत नाहीयेस, फक्त जागच्या जागी घासतोयस. आणि सगळ्यात मोठी गोष्ट तू सहज लिहून गेलास, की दुकानदाराने सहा इंची प्लेट दिली, ती बसली म्हणून वापरतोय. अरे, डीए मशीनच्या आतलं वजन प्लेटच्या मापाला जुळवलेलं असतं, मोठी प्लेट लावली की मशीन थरथरतं आणि बेअरिंगवर भार येतो.

शिवाय पत्र्याची शेड. इंदूरच्या मे महिन्यात दुपारी चाळीसच्या वर गेलेल्या हवेत बॉनेटला हात लावून बघ, कंपाऊंड पडल्या पडल्या वाळतं, पॅड पत्र्याला धरतो, तू अजून दाबतोस, मोटर अजून तापते. रबिंगचं, म्हणजे मशीनने घासायचं काम सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी घे, दुपारी वॉशिंग आणि इंटिरिअर कर. दोन पॅडवर आख्खी गाडी ओढू नकोस, दोन-तीन पॅनल झाले की पॅड बदल, प्रत्येक पॅनलनंतर ब्रशने झटक, कारण कंपाऊंड पिऊन जड झालेला पॅड मधोमध तापतो आणि वेल्क्रोचा गोंद सुटतो. हे फक्त मशीनसाठी सांगत नाहीये. कंपनीच्या क्लिअर कोटची, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन असते, एखाद्या कडेवर तापलेला पॅड रेंगाळला आणि कोट उडाला तर ते पॅनल पुन्हा रंगवायचं बिल तुझ्याच अंगावर येणार, तेव्हा ही जोखीमही पैशातच मोज.

दुरुस्तीचा खर्च मी अंदाजे काढलाय, सियागंज आणि महाराणी रोडला दोन दुकानांत विचारून घे. कार्बनची जोडी २००, उघडून साफसफाई, ग्रीस आणि मिस्त्रीची मजुरी मिळून ७००, दीड स्क्वेअर एमएमची तीन कोअर वायर बारा मीटर आणि चांगला प्लग १,३००, योग्य मापाची प्लेट ६००, चार पॅड १,४००. एकूण ४,२००. तुझ्या एका हप्त्यापेक्षा कमी. आणि यातली वायर, पॅड उद्या नवं मशीन आलं तरी लागणारच आहेत, तेव्हा ते पैसे वाया जात नाहीत. उलट हे न करता ५२,००० चं मशीन आणलंस तर ते त्याच ड्रमला लागेल, त्याच दुपारी चालेल आणि तुझाच हात त्याला दाबेल.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल. रोख ४८,५०० आणि हप्त्यावर ५२,०००, तर मधले ३,५०० म्हणजे व्याजच आहे, हिशोब केला तर वर्षाला साधारण १३ टक्के पडतं. वर क्रेडिट कार्ड असेल तर प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागू शकतो, तो बहुतेकदा बिलात नंतर दिसतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. १३ टक्के हा जीवघेणा दर नाही, मी त्यावरून तुला घाबरवत नाहीये. मला भीती आहे ती जुलै-ऑगस्टची. पावसात पॉलिशला गाड्या येत नाहीत हे तूच लिहिलंयस, आणि बाइकचा धरून ७,२३३ चे हप्ते म्हणजे चांगल्या महिन्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा, मग पडत्या महिन्यात काय? कार्डाचं बिल एकदा थकलं की महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज चढतं.

आईच्या एफडीला हात लावू नकोस. १,२०,००० आहेत, सात महिन्यांत मॅच्युअर होतायत, आता मोडली तर जेवढे दिवस ठेवली तेवढ्याच मुदतीचा दर मिळेल आणि त्यातूनही बँका दंड म्हणून साधारण एक टक्क्यापर्यंत कापतात. पण मी दरासाठी नाही म्हणत नाहीये. वडील गेल्यावर तिच्या एकटीच्या नावावर असलेली ही एकच रक्कम आहे असं तू लिहिलंयस. ती हो म्हणेल, आई हो म्हणतेच, म्हणून तर तिला विचारूच नकोस.

तर माझं मत असं. या आठवड्यात खात्यातल्या पैशातून ४,२०० घाल. पुढच्या महिन्यापासून ४,३३३ हप्ता भरतोयस असं समजून वेगळ्या खात्यात टाक, दोन गाड्या परत जायच्या थांबल्या तर हे जमेल, नाही जमलं तर तो हप्ताही जमला नसता हे तुला कर्ज न घेताच कळेल. चार महिन्यांत १७,००० च्या पुढे जातील. त्यातून भारी मशीन नाही, एक साधं दुसरं मशीन घे. तुझं खरं दुखणं हे आहे की एक मशीन बंद पडलं की धंदा बंद पडतो, आणि ५२,००० चंही एकच मशीन असेल. दोन असली की एक थंड होतंय तोवर दुसरं चालतं. अनंत चतुर्दशीची झांकी (चित्ररथांची मिरवणूक) झाली की दसरा-दिवाळीपर्यंत तुझ्याकडे गाड्यांची रांग लागते म्हणतोस, त्याच्या आधी दुसरं हाताशी पाहिजे.

आणि आर्मेचरच गेलं असेल तर? बाबांकडे ग्राउलर, म्हणजे आर्मेचर तपासायचं यंत्र होतं, त्यावर आर्मेचर ठेवून वर हॅक्सॉचं पातं धरायचे, जिथे कॉइल शॉर्ट असेल तिथे पातं थरथरायचं, लहानपणी मला ते जादूसारखं वाटायचं. असा रिवाइंडिंगवाला गाठ आणि तपासून घे. दुरुस्ती तसल्याच नव्या मशीनच्या निम्म्यापेक्षा महाग पडत असेल तर करू नकोस, मग नवं घ्यावंच लागेल. तेव्हा कार्डाऐवजी बँकेत मुद्रा लोनचं विचार, शिशु गटात ५०,००० पर्यंत तारण लागत नाही. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी करून ठेव, सरकारी पोर्टलवर ते फुकट होतं, कोणी पैसे मागितले तर देऊ नकोस. बिल धंद्याच्या नावाने घे, आणि पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी विचार, धंद्यात वापरलं तर वॉरंटी चालते का, आणि सर्व्हिस इंदूरमध्ये होते की कुरिअरने बाहेर पाठवावं लागतं. मशीन पंधरा दिवस बाहेर राहिलं तर तुझे किती बुडतील ते आता तुला माहीत आहे.

रविवारी प्लग काढून दोन्ही कार्बन बाहेर काढ आणि पट्टीने मोजून मला कळव. पाच-सहा मिलिमीटरवर आले असतील किंवा त्यावरची रेघ झिजून गेली असेल तर दोन्ही एकदमच बदल, एक नवा एक जुना असं करू नकोस. आणि एक कार्बन दुसऱ्यापेक्षा फार जास्त झिजलेला असेल तर तेही लिही, मग स्प्रिंग अडकतेय का ते मिस्त्रीला आधी बघायला सांगावं लागेल.