वाचक विचारतात : गिरगावच्या रस्त्यावर वळावे कुठे?

प्रश्न : माझ्या आजोबांचे बालपण ठाकुरद्वारजवळच्या चाळीत गेले. त्यांच्या बोलण्यात गिरगावाखेरीज दुसरा विषय नसे. अलीकडे मी ऑपेरा हाउसपासून ठाकुरद्वार नाक्यापर्यंत चालत गेलो, परंतु दुकाने आणि वाहनांची गर्दी यांपलीकडे फारसे काही दिसले नाही. आजोबांचे गिरगाव आता उरलेच नाही, असे समजावे काय? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आपण चाललात तो जगन्नाथ शंकरशेट मार्ग, म्हणजेच जुना गिरगाव रस्ता. देशातील पहिली प्रवासी रेल्वे १८५३ मध्ये ज्या कंपनीने सुरू केली, तिच्या पहिल्या संचालकांत असलेले नाना शंकरशेट याच भागात राहत, आणि म्हणून रस्त्याला त्यांचे नाव आहे. हा रस्ता नाकासमोर चालून गेले, की आपल्याला दिसले तेवढेच दिसते. गिरगाव रस्त्यावर नाही, वाड्यांत आहे. आणि वाडीचे तोंड बहुधा दोन दुकानांच्या मधल्या अशा बोळात असते की माहीतगार सोबत नसेल तर माणूस पुढे निघून जातो.

केळेवाडी, आंबेवाडी, फणसवाडी ही नावेच सांगतात की येथे कधीकाळी बागायत होती. शहर वाढले तशी झाडे गेली आणि त्या जागी चाळी उभ्या राहिल्या, मात्र पत्ता सांगताना वाडीचे नाव कायम राहिले. वाडीच्या तोंडाशी बहुधा एक फलक असतो, त्याच्यासमोर क्षणभर थांबावे. रक्तदान शिबिर, गणेशोत्सवाची वर्गणी, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि कुणाच्या निधनाची वार्ता हे सारे त्या एका फलकावर शेजारी शेजारी वाचायला मिळते, आणि ते वाचून वाडीची जेवढी ओळख होते तेवढी कोणत्याही माहितीपुस्तिकेने होणार नाही.

गिरगाव चर्चपाशी पोहोचलात की खोताच्या वाडीत शिरावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस खोत यांच्या या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्याच मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांनी घेतले आणि त्यांवर कौलारू छपरांची, लाकडी व्हरांड्यांची, बाहेरच्या अंगाने जिना चढवलेली घरे बांधली. एके काळी साठाच्या वर असलेल्या या घरांपैकी आज निम्मीही उरलेली नाहीत; उरलेल्यांच्या डोक्यावरून टोलेजंग इमारती डोकावताना दिसतात. गिरगाव म्हणजे केवळ मराठी हिंदू मध्यमवर्ग, असे जे सरसकट म्हटले जाते, ते या एका गल्लीपुढे टिकत नाही. माशांच्या जेवणासाठी नावाजलेली येथील ‘अनंताश्रम’ खाणावळ बंद झाली. तिच्या आठवणी काढणारे इतके भेटतात, की ती बंद कशी पडली असा प्रश्न पडावा!

खाडिलकर मार्गावरील केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ मध्ये मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. मूर्तीची उंची वाढवण्याच्या चढाओढीत या चाळी उतरल्या नाहीत. येथे आजही लहानशी मातीची मूर्ती बसते, आणि आमच्या मते उत्सवाच्या दिवसांत गिरगावात येणाऱ्याने आधी तिचे दर्शन घ्यावे. जवळच्या शांताराम चाळीच्या आवारात होमरूल म्हणजे स्वराज्याच्या चळवळीच्या काळात टिळकांच्या सभा झाल्या. चाळीतल्या रहिवाशांना त्या आपल्याच गॅलरीत उभे राहून ऐकता आल्या असतील, हे तेथे गेल्यावर सहज लक्षात येते. रस्त्याच्या पश्चिमेला, चर्नी रोड स्थानकाकडे, केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ आहे. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे नाट्यगृहही वाडीतच आहे.

काही खुणा मात्र खरोखर पुसल्या गेल्या आहेत. मॅजेस्टिक सिनेमा, जेथे १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला, तो पाडून तेथे बाजारसंकुल उभे राहिले. थिएटर गेले आणि नाव तेवढे संकुलाला राहिले. आपल्या आजोबांनी हे नाव नक्की घेतले असेल. चाळ नेमकी कोणती, एवढे घरातून विचारून घेतलेत तर त्या वाडीतील एखादे वयस्क रहिवासी पुढचे सांगतील. गिरगावकरांना अशी विचारपूस आवडते.

प्रश्न : मेट्रोमुळे गिरगावचे रूप बिघडले, असे घरातील वडीलधारे म्हणतात. ते खरे आहे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अर्धेच खरे आहे. मेट्रो ३ च्या बांधकामासाठी रस्त्यालगतच्या काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या आणि तेथील कुटुंबांना वर्षानुवर्षे बाहेर राहावे लागले, हे नाकारता येणार नाही. परंतु गिरगावकरांचे उपनगरांत जाणे त्याच्या कितीतरी आधीच सुरू झाले होते, कारण एका खोलीत वाढलेल्या भावंडांचे संसार त्याच खोलीत मावत नव्हते. ऑक्टोबर २०२५ पासून गिरगाव स्थानक प्रवाशांसाठी खुले आहे, तेव्हा वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन जाणे आता सोपे झाले आहे. रविवारी सकाळी गेल्यास रस्ता मोकळा मिळतो. खोताच्या वाडीत छायाचित्रे काढण्यापूर्वी मात्र घरमालकांना विचारावे. व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या माणसाला प्रदर्शनातील वस्तू होणे आवडत नाही.