भेगाळलेल्या सच्छिद्र खडकातील प्रवाहासाठी दुहेरी सच्छिद्रतेचे प्रारूप (सगळ्या भेगांची मिळून एक आणि मधल्या खडकाची एक, अशा दोन सरासरी व्यवस्था) घ्यावे, की एकेक भेग स्वतंत्रपणे दाखवावी?

एकेक भेग दाखवली की प्रारूप आपोआप अधिक अचूक होते, असे आपल्या प्रश्नात गृहीत धरलेले दिसते. याच समजुतीपायी माझे आठ महिने वाया गेले, म्हणून हे उत्तर.

एका प्रकल्पात बोअरमधून काढलेल्या खडकाच्या गाभ्यांवरील भेगा मोजण्याचे काम माझ्याकडे होते. फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीची धातूची पातळ पाती एकामागून एक भेगेत सरकवून पाहिली, तेव्हा मुख्य भेगेची रुंदी अर्धा मिलिमीटर भरली आणि तीच मी प्रारूपात घातली. पुढे बोअरमध्ये त्या भेगेच्या वर-खाली पॅकर, म्हणजे बोअर बंद करणारे रबरी फुगे, फुगवून मधल्या भागात पाणी दाबून पाहिले. आत गेलेल्या पाण्यावरून उलट गणित केले, तर रुंदी जेमतेम 0.1 मिमी निघाली. रुंदीतला फरक पाचपटच, पण भेगेतला प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने माझे प्रारूप 125 पट पाणी वाहवत होते. आमच्या वरिष्ठांनी दोष गणनेच्या जाळीला (गणितासाठी प्रारूपाचे पाडलेले लहान तुकडे) दिला आणि ती तीनदा बारीक करायला लावली. जाळी जसजशी बारीक झाली, तसतसे उत्तर त्याच चुकीच्या आकड्यावर अधिक ठामपणे स्थिरावत गेले. खोलवर खडकाच्या भाराने दाबलेली भेग गाभा बाहेर येताच उघडते. शिवाय तिच्या खडबडीत भिंती जागोजागी एकमेकींना टेकलेल्या असतात, तर घनाचे सूत्र दोन गुळगुळीत, समांतर पाट्यांसाठी आहे. हे मी बैठकीत मांडले, तेव्हा ‘मोजमाप तुमचेच होते’ असे ऐकावे लागले. तेही खरेच होते म्हणा.

त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे: सुरुवात दुहेरी सच्छिद्रतेपासून करावी. बॅरेनब्लाट, झेल्तोव्ह आणि कोचिना यांनी 1960 मध्ये मांडलेल्या आणि वॉरेन व रूट यांनी 1963 मध्ये विहीर-चाचण्यांसाठी वापरलेल्या या कल्पनेत भेगा पाणी वाहून नेतात, त्यांच्यामधले खडकाचे ठोकळे ते साठवतात आणि दोहोंतील दाबाच्या फरकानुसार देवाणघेवाण होते. एकूण साठवणुकीत भेगांचा वाटा किती आणि ठोकळा पाणी किती सहज सोडतो, हे दोन आकडे चांगल्या उपसा चाचणीच्या (विहिरीतून पाणी उपसत पातळीतली घट नोंदवण्याच्या) आलेखावरून काढता येतात; शेकडो भेगांची रुंदी, लांबी आणि दिशा कोणत्याही चाचणीतून मिळत नाही.

अर्थात, भेगा दाट आणि एकमेकींना जोडलेल्या असतील तरच ही सरासरी चालते. दोन-चार मोठ्या भेगाच सगळे पाणी वाहून नेत असतील, किंवा प्रदूषक विहिरीपर्यंत कधी पोहोचेल हे सांगायचे असेल, तर त्या भेगा वेगळ्या दाखवाव्याच लागतात. ठोकळे मोठे आणि घट्ट असतील, तर ठोकळ्यात सर्वत्र एकच सरासरी दाब धरणारे वॉरेन-रूट यांचे सूत्रही सुरुवातीच्या काळात फसते. भेगा वेगळ्या दाखवायच्याच झाल्या, तर रुंदी चाचणीतून काढलेली घ्या, गेजने मोजलेली नको. आणि कोणी जाळी बारीक करायला सांगितलेच, तर आधी त्याच भेगेवरच्या पॅकर चाचणीचे आकडे त्यांच्यापुढे ठेवा.