आमून, शाळिग्राम आणि नवसागर

प्रश्न असा आला आहे : इजिप्तमधल्या कर्नाकच्या देवळात सहलीच्या म्होरक्याने सांगितलं की तिथला आमून देव म्हणजे आपला ओम, आणि तिथे खांब उभारणारा रामसेस म्हणजे 'राम-शेष'. हे कितपत खरं? आणि मराठीत आमून, आमोन, आमेन यांपैकी काय लिहावं?

काडीचंही खरं नाही. हा राम-शेष वरचेवर कुणीतरी पाठवत असतो, आणि दर वेळी खाली पन्नास नमस्कार जोडलेले असतात. रामसेस म्हणजे 'रा'ने, म्हणजे सूर्यदेवाने, ज्याला जन्म दिला तो. शिवाय त्या 'रा'च्या शेवटी अरबी ऐनसारखं घशातलं एक व्यंजन आहे, त्यामुळे 'राम' जुळतच नाही. इ.स.पू. १२५९च्या सुमारास दुसऱ्या रामसेसने आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती राजाशी तह केला. त्याच्या अक्कादी, म्हणजे बाबिलोनकडच्या भाषेतल्या, कीलाक्षरांत लिहिलेल्या प्रतीत हे नाव 'रीआमासेसा' असं आहे. मिसरी, म्हणजे इजिप्तची, चित्रलिपी स्वर लिहीत नाही, ही खिळ्यासारख्या खुणांची कीलाक्षरं लिहितात. म्हणून उच्चार हवा तर परक्यांच्या दप्तरात डोकवावं लागतं.

आमूनचंही तेच. लिहिलेली व्यंजनं तीन, अर्थ 'लपलेला'. शेवटचा न गिळून टाकला की त्याचा ओम करता येतो, तसा तर कशाचाही काहीही करता येतो. प्रार्थनेअखेरचा आमेन हिब्रू आहे, 'पक्कं, खरं' या अर्थाच्या धातूपासून आलेला. त्याचाही या देवाशी संबंध नाही. लेखन म्हणाल तर आमून लिहा, तूतनखामून मराठीत रुळलाच आहे. 'आमूनची जिवंत प्रतिमा' असा त्याचा अर्थ. हा राजा आधी तूतनखातेन होता, कारण आतेन या सूर्यबिंबालाच देव मानणाऱ्या आधीच्या राजाने, अखेनातेनने, आमूनची पूजाच बंद केली होती आणि देवळांतून त्याचं नाव छिन्नीने खरवडून काढलं होतं. मागाहून ते पुन्हा कोरलं गेलं. काही भिंतींवर नेमकी नावापुरती जागा आजूबाजूच्या दगडाहून खोल गेलेली दिसते ती त्यामुळे.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते. कर्नाकच्या पहिल्या दरवाजापुढे दोन्ही अंगांना सिंहाच्या धडाचे आणि मेंढ्याच्या तोंडाचे पुतळे बसले आहेत, प्रत्येकाच्या पुढच्या पायांमध्ये राजाची छोटी मूर्ती. मेंढा हे आमूनचं वाहन नव्हे, रूप आहे. शिंगं बघा : कानाभोवती वळून खाली आलेली. इजिप्तमधल्याच एस्नाच्या देवळातला खनूम देवही मेंढामुखी, पण त्याची शिंगं आडवी, नागमोडी. आमूनच्या या वेटोळ्या शिंगावरून शंखासारख्या एका जीवाश्माला 'आमूनचं शिंग' म्हणू लागले. पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने ते इथिओपियातल्या पवित्र दगडांमध्ये घातलं आहे. आजचं शास्त्रीय नाव अॅमोनाइट. आणि नेपाळात काळी गंडकीच्या पात्रात मिळणारा, चक्र असलेला शाळिग्राम? तोही अॅमोनाइटच! ज्याला आपण विष्णूचं चक्र म्हणून तुळस वाहतो, त्याच आकाराला तिकडे आमूनचं शिंग म्हणत. ओमची ओढाताण कशाला हवी?

दुसरा धागा इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातल्या सिवाच्या मरूद्यानातला. तिथे आमूनचा कौल देणारं देऊळ होतं, अलेक्झांडरही तिथे कौल घ्यायला गेला होता. त्या मुलखातल्या मिठाला रोमन लोक 'आमूनचं मीठ' म्हणत. प्लिनी मात्र हे नाव ग्रीक भाषेतल्या 'वाळू'वरून लावतो. प्लिनीबद्दल आदर आहे, पण शेजारी एवढा मोठा देव बसलेला असताना वाळू चाळायची गरज नव्हती. त्याचं मीठ बहुधा साधं सैंधवासारखं होतं. पुढे हे नाव दुसऱ्याच क्षाराला चिकटलं, शेणाच्या गोवऱ्यांच्या काजळीतून इजिप्तमध्ये काढत त्याला. त्यावरूनच अमोनिया.

तो क्षार म्हणजे आपला नवसागर. तापलेल्या पातेल्यात कल्हईवाला चिमूटभर टाकतो, भसकन पांढरा धूर येतो, नाक झोंबतं, आणि कापसाच्या बोळ्याने कथील पसरत जातं. या नावात सागर कुठून आला? कुठूनच नाही. फारसी नौशादर, त्याचा संस्कृतात नवसादर, आणि मराठी जिभेने 'सादर'चा ओळखीचा 'सागर' केला. काही जण उलटं, संस्कृतातून फारसीत गेला म्हणतात. त्यांना 'नव' म्हणजे नवा की नऊ ते विचारा, मग 'सादर' म्हणजे आदरासहित की कसं ते विचारा. फारसीत 'आदर' म्हणजे अग्नी, आणि हा क्षार आगीतच उडून पुन्हा जमतो. 'नोश', म्हणजे अमर, आणि 'आदर' ही फोड मला तरी पटते. रसग्रंथांत, म्हणजे पारा आणि क्षारांवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत, नवसादराला नवसार म्हणतात; त्याचं दुसरं नाव चूलिकालवण, म्हणजे पुन्हा आगच. वीटभट्टीत जमणारं फिकट मीठ असं त्याचं वर्णन आहे.

'नवसागर' रूढ होण्यात पंडितांपेक्षा कल्हईवाल्यांचा हात मोठा, असं माझं मत आहे. कागदावरचा शब्द इतक्या सहज सागर होत नाही. कुणाच्या घरी हा धंदा असेल आणि आजोबा-पणजोबा 'नवसादर' म्हणत असतील, तर जरूर कळवा. ओमवाल्यांनी कळवू नये.