टीव्हीच्या संगणकाला सर्वांत नवी लिनक्स नको

आपला प्रश्न असा आहे की, टीव्हीला एचडीएमआयने जोडलेल्या जुन्या संगणकावर चित्रपट-गाणी लावण्यासाठी लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीची सर्वांत नवी आवृत्ती घ्यावी की दीर्घ मुदतीच्या आधाराची, म्हणजे एलटीएस. माझे मत स्पष्ट आहे: एलटीएस घ्या. उबंटू या लिनक्सच्या प्रकाराची २४.०४ ही एलटीएस आवृत्ती एप्रिल २०२४मध्ये आली आणि तिला २०२९पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. लिनक्स मिंट २२ तिच्यावरच आधारलेली आहे. उबंटूच्या मधल्या आवृत्त्यांचा आधार नऊ महिन्यांत संपतो, आणि टीव्हीखालचा संगणक दर नऊ महिन्यांनी उघडून बसण्याची वस्तू नव्हे.

इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण आमचे मेहुणे आहेत. ते पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करतात, आणि आवृत्तीचा आकडा जुना म्हणजे संगणक असुरक्षित, हे मत आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी आले की ते हमखास मांडतात. गड्ड्याच्या यात्रेसाठी एकदा ते मुक्कामाला असताना, आम्ही सगळे झोपल्यावर त्यांनी टीव्हीच्या संगणकावरची एलटीएस काढून तिथे एक अगदी ताजी आवृत्ती बसवली. दुसऱ्या दिवशी सिद्धरामेश्वरांचा अक्षता सोहळा पाहून सगळे नातेवाईक घरी आले, आणि आईला त्यांना माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचे, व्हिडिओ कॅसेटवरून मुद्दाम उतरवून घेतलेले चित्रीकरण दाखवायचे होते. कन्यादानाच्या प्रसंगात माझे वडील दिसतात, बोलतात. ते आता हयात नाहीत. टीव्हीवर चित्र अडखळत होते आणि आवाज अजिबात नव्हता. नव्या कर्नेलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, आमच्या जुन्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) जुळत नव्हता, आणि ध्वनीची व्यवस्था पल्सऑडिओवरून पाइपवायरवर गेल्याने आवाज एचडीएमआयऐवजी दुसऱ्याच वाटेने जात होता. मेहुण्यांचे म्हणणे, दोष कार्डाचा आहे, कार्ड बदला. माझे म्हणणे, काल संध्याकाळपर्यंत तेच कार्ड विनातक्रार चालत होते. संध्याकाळी मी पुन्हा एलटीएस बसवली आणि सर्व काही पूर्ववत झाले, पण तोवर अक्कलकोटची मावशी परत गेली होती.

त्यांच्या युक्तिवादातला मूळ दोष असा की आवृत्तीचा आकडा आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराच्या स्थिर शाखेत किंवा उबंटूच्या एलटीएसमध्ये एखाद्या प्रोग्रॅममध्ये सुरक्षेचे छिद्र सापडले, तर सहसा संपूर्ण नवा प्रोग्रॅम न आणता तेवढी दुरुस्ती मागे आणून जुन्या प्रोग्रॅमला लावतात. मूळ आकडा तसाच राहतो, छिद्र मात्र बुजते. हे मी त्यांना अनेकदा सांगितले आहे, आणि संगणकाच्या व्यवसायातल्या माणसाला ते पटू नये याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

आवृत्तीपेक्षा अधिक लक्ष द्यावे असा विषय म्हणजे हार्डवेअर डिकोडिंग, अर्थात दाबून साठवलेले चित्रीकरण उलगडण्याचे काम मुख्य प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपने करणे. एचईव्हीसी या पद्धतीने साठवलेले दहा बिटांचे चित्रीकरण इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या चिपमध्ये अंगभूत उलगडते, तर एव्ही१ या दुसऱ्या पद्धतीसाठी अकरावी पिढी लागते. त्याहून जुन्या यंत्रावर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीपार गेलेला असताना पंख्याची घरघर संवादांवर मात करते. टर्मिनलमध्ये व्हीएइन्फो (vainfo) ही आज्ञा देऊन आपली चिप काय काय उलगडू शकते ते आधी पाहून घ्या. फेडोरा या लिनक्सच्या आणखी एका प्रकाराने २०२२मध्ये पेटंटच्या कारणास्तव एच.२६४ (अशीच एक पद्धत) आणि एचईव्हीसीचे हे साहाय्य मेसा ग्राफिक्स ड्रायव्हर्समधून वगळले, त्यामुळे तिथे आरपीएम फ्यूजन हा प्रोग्रॅमचा अतिरिक्त भांडार जोडावा लागतो. नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

संगणकावर कोडी या चित्रपट-गाणी लावण्याच्या प्रोग्रॅमखेरीज दुसरे काहीच चालवायचे नसेल, तर लिब्रेइलेक या त्यासाठीच बनवलेल्या लिनक्सचा विचार अवश्य करा. ती सुरू होताच थेट कोडी उघडते, आणि तिची मुख्य प्रणाली केवळ वाचता येणाऱ्या एका फाइलमध्ये असल्यामुळे अचानक वीज गेली तरी प्रणालीला धक्का बसण्याची शक्यता कमी असते.

दोन अपवाद सांगितले पाहिजेत. संगणक अगदी नुकताच बाजारात आलेला असेल, तर त्याच्या चिपला नवा कर्नेल लागतो. तिथे मेहुण्यांचे म्हणणे मला मान्य आहे, जरी एलटीएसच्या पुढील उपआवृत्त्यांमध्येही कालांतराने नवा कर्नेल येतो. दुसरे, वर्गणीच्या चित्रपटसेवा डेस्कटॉप लिनक्सच्या ब्राउझरवर पूर्ण फोर-के दर्जा बहुधा देत नाहीत, आणि त्यावर कोणतीही आवृत्ती हा उपाय नाही.

मिंट घेतलीत तर टाइमशिफ्ट हा प्रणालीची प्रत घेणारा प्रोग्रॅम तिच्यात असतोच. सर्व काही सुरळीत चालू झाले की त्याच दिवशी प्रणालीची एक प्रत घेऊन ठेवा. घरगुती चित्रीकरणे मात्र वेगळ्या डिस्कवर उतरवा, कारण टाइमशिफ्ट मूळ मांडणीत त्यांची प्रत घेत नाही. आणि प्रशासकाचा पासवर्ड घरातल्या एकाच माणसाकडे असू द्या, मग पाहुणे कितीही जाणकार असोत.