नामधारी, नामसाधर्म्य की नामबंधू?

प्रश्न असा आलाय की एकाच नावाचे दोन लेखक असले तर एकाला दुसऱ्याचा 'नामधारी लेखक' म्हणता येईल का, आणि येत नसेल तर मराठीत दुसरा शब्द कुठला. विचारणाऱ्याला गावातल्या वाचनालयाची यादी नीट करायची आहे आणि त्यात दोन शरद जोशी एकाच नोंदीखाली येऊन बसलेत.

नामधारी तर अजिबात नको. नामधारी म्हणजे नावापुरता, नामधारी अध्यक्ष म्हणजे खुर्ची त्याची आणि कारभार भलत्याचाच. तेव्हा नामधारी लेखक म्हटलंत तर पुस्तक दुसऱ्याच कुणीतरी लिहून दिलं असा अर्थ निघेल आणि लेखक हयात असला तर भांडायला येईल. तोतयाही चालणार नाही, पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला त्यात फसवाफसवी होती, इथे दोष एवढाच की दोन घरांत बारशाला एकच नाव सुचलं.

पेपरात 'नामसाधर्म्य' छापून येतं, विशेषतः निवडणुकीत मतं फोडायला एकाच नावाचे उमेदवार उभे केले जातात तेव्हा. चूक नाही पण जड आहे, शिवाय साधर्म्य म्हणजे गुणधर्म सारखे असणं, शाळेत उपमा शिकताना मुख आणि चंद्र यांच्यात असायचं ते. आपल्या दोन लेखकांत नाव सोडून काहीच सारखं नसतं, त्यामुळे मी सरळ 'नामसाम्य' म्हणतो. माणसासाठी मात्र 'नामबंधू' वापरा. 'आडनावबंधू' आपण सर्रास म्हणतोच की, तीच चाल. लेखिका असतील तर नामभगिनी म्हणावं लागेल, ते जरा राखीपौर्णिमेचं वाटतं पण इलाज नाही.

आता खरी गंमत अशी की मराठी वाचकाला असा शब्द फारसा लागलाच नाही, कारण आपल्याकडे वडलांचं नाव मध्ये असतं आणि लेखक आद्याक्षरांनी ओळखला जातो. पुरुषोत्तम देशपांडे म्हटलं तर कोण? पु. ल. पण आहेत आणि पु. य. पण आहेत. पु. य. विदर्भातले, 'बंधनांच्या पलीकडे'सारखी त्या काळात खळबळ उडवणारी कादंबरी लिहिणारे आणि पुढे तत्त्वचिंतनाकडे वळलेले, त्यांच्या 'अनामिकाची चिंतनिका'ला १९६२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तीनच वर्षांनी १९६५ मध्ये तो पु. लं.च्या 'व्यक्ती आणि वल्ली'ला. म्हणजे अकादमीच्या यादीत दोन पुरुषोत्तम देशपांडे जवळजवळ शेजारी बसलेत, आणि 'ल' नि 'य' एवढ्याच जोरावर कुणाचा गोंधळ होत नाही. (पु. य. आज फार कमी लोक वाचतात हेही एक कारण असेल, ते वाईट आहे.)

पण हीच आद्याक्षरं आपट्यांच्या बाबतीत मात्र दगा देतात. ह. ना. आपटे म्हणजे हरि नारायण, 'करमणूक' काढणारे, 'पण लक्षात कोण घेतो' आणि 'उषःकाल'वाले. ना. ह. आपटे म्हणजे नारायण हरी. आता आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली पद्धत बघता हरि नारायणांच्या मुलाचं नाव नारायण हरीच असायला हवं, म्हणून कित्येक जण हे बापलेक धरून चालतात. तसं नाहीये. ह. ना. जन्मले १८६४ मध्ये खानदेशात पारोळ्याला, पण कर्तेपणीची हयात पुण्यात, ना. ह. १८८९ चे, सांगलीकडच्या समडोळीचे, पुढे साताऱ्याजवळ कोरेगावला राहिलेले, स्वतंत्र कादंबरीकार. त्यात विषयही जवळचे पडतात. ह. नां.च्या 'पण लक्षात कोण घेतो'मधली यमू लहान वयात लग्न होऊन पुढे वैधव्याचे हाल सोसते, आणि ना. हं.च्या 'न पटणारी गोष्ट'मधली नीरा म्हाताऱ्या बिजवराशी लावून दिलेलं लग्न मानायलाच तयार होत नाही. याच कादंबरीवरून प्रभात फिल्म कंपनीने १९३७ मध्ये 'कुंकू' चित्रपट काढला, आणि त्यात नीरा झाल्या कोण, तर शांता आपटे! आता इतके आपटे एका ठिकाणी जमले की यादी करणाऱ्याने करायचं तरी काय.

शब्दवेड्यांसाठी आणखी दोन आपटे. संस्कृत-इंग्रजी कोशवाले वा. शि. म्हणजे वामन शिवराम, आणि 'मराठी शब्दरत्नाकर'वाले वा. गो. म्हणजे वासुदेव गोविंद, ज्यांनी मुलांसाठी 'आनंद' मासिक काढलं. दोघेही वा., दोघेही आपटे, दोघांचेही कोश. नुसतं 'आपट्यांचा कोश' म्हणून सोडून दिलं की समोरचा भलताच कोश काढून देतो.

जुन्या काळात तर आडनावही नाही आणि आद्याक्षरही नाही. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा हीच काय ती सही. संत नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकातले, आणि ओवीबद्ध महाभारत लिहिणारा विष्णुदास नामा सोळाव्या शतकातला, पण नामदेवही स्वतःला 'विष्णुदास नामा' म्हणवून घेतात, म्हणजे विष्णूचा दास असलेला नामा. झालं, नामदेवांच्या गाथेत या दुसऱ्या नाम्याच्या रचना शिरल्या आणि त्या निवडून काढताना अभ्यासकांनी डोकं फोडून घेतलं. ज्ञानेश्वरांबद्दलही असा वाद झालाच, 'भारद्वाज' या टोपणनावाने लिहिणाऱ्या शिवराम भारद्यांनी ज्ञानेश्वरी लिहिणारे वेगळे आणि अभंग लिहिणारे वेगळे असं मांडलं होतं. ते फार कुणाला पटलं नाही, आणि मलाही पटत नाही.

आता तुमचे शरद जोशी. एक शेतकरी संघटनेचे. साताऱ्यात जन्म, स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरी, ती सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती आणि मग आंदोलनं. 'अंगारमळा' त्यांचं. दुसरे हिंदीतले व्यंगकार, उज्जैनचे, १९३१ ते १९९१, दूरदर्शनवरची 'ये जो है जिंदगी' लिहिणारे. भाषा वेगळी म्हणजे गोंधळ होणार नाही असं वाटेल, पण हिंदीवाल्या जोशींचं एक गाजलेलं पुस्तक आहे 'जीप पर सवार इल्लियाँ'. इल्ली म्हणजे अळी. हरभऱ्यावर अळी पडल्याची ओरड होते, कृषी खात्याचे साहेब जीप घेऊन पाहणीला निघतात, आणि ज्या शेताची पाहणी करायची तिथलाच हिरवा हरभरा जीपमध्ये भरून घेतात, म्हणजे खऱ्या अळ्या कुठल्या ते कळतंच. आता हे वाचून कुणाला वाटेल की हे आपल्या शेतकरी नेत्याने लिहिलं नाही? तुमच्या यादीत ते 'शेती' विभागात गेलं असेल तर नवल नाही. ते तिथून काढून हिंदी ललित साहित्यात टाका, पण त्याआधी ती गोष्ट एकदा वाचा.

यादीपुरतं सांगायचं तर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडलांचं, सगळं पूर्ण लिहा, आद्याक्षरांवर भागवू नका. 'जोशी, शरद अनंत' म्हटलं की शेतकरी नेते वेगळे निघतात. कवी आणि तुकारामांचे अनुवादक ते 'चित्रे, दिलीप पुरुषोत्तम', अमेरिकेत राहून लिहिणारे दिलीप वि. चित्रे वेगळे, ते स्वतःच तो 'वि.' आठवणीने लावतात. मधलं नाव मिळतच नसेल तर पुढे जन्मसाल टाका. आणि टाइप करताना वेलांटी-मात्रा सांभाळा, कारण वि. का. राजवाडे हे इतिहासाचार्य आणि वै. का. राजवाडे हे त्यांचे थोरले बंधू, निरुक्ताचं, म्हणजे वेदांतल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या जुन्या ग्रंथाचं, मराठी भाषांतर करणारे. इथे नामबंधू नाही, सख्खा भाऊ आहे, आणि फरक फक्त एका मात्रा-वेलांटीचा.