घडी मोडली की काम थांबलं : एन्झाइमांविषयी तुमचे प्रश्न

या वेळच्या पत्रांचा गठ्ठा वाचला आणि निम्म्याहून अधिक पत्रांत तोच जुना गैरसमज निघाला. एन्झाइम म्हणजे काहीतरी शक्तिवर्धक द्रव्य, ते कमी पडलं की बाहेरून ओतायचं. तसं नाही. एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर, हे बहुतेक वेळा एक प्रथिन असतं. अमिनो आम्लांची लांब माळ ठरावीक पद्धतीने दुमडते, तिचा गोळा होतो आणि त्या गोळ्यात एक खाच तयार होते. त्या खाचेत जो रेणू नीट बसतो त्याच्यावरच ते काम करतं. ही घडी बिघडायला उष्णता पुरते, आम्ल पुरतं आणि कधीकधी माळेतला एक चुकीचा मणीही पुरतो. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न : अकरावीच्या पुस्तकात कुलूप-किल्ली आणि ‘इंड्यूस्ड फिट’ अशी दोन्ही मॉडेल्स आहेत. खरं कोणतं? (विद्यार्थिनी, सांगली)

दुसरं जास्त खरं, पण पहिल्याशिवाय ते कळत नाही. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली तेव्हा एकाही प्रथिनाचा आकार कोणी पाहिलेला नव्हता. नुसत्या साखरांवरचे प्रयोग बघून त्यांनी हे ओळखलं, ही मोठी गोष्ट आहे. १९५८ मध्ये डॅनियल कॉशलँड यांनी सांगितलं की कुलूप ताठ नसतं, किल्ली आत आली की तेही हलतं. क्ष-किरणांनी एन्झाइमचा पहिला आकार दिसला तो १९६५ मध्ये. ते होतं अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम. अमिनो आम्लं १२९ आणि अंगावर एक लांब चीर, जिच्यात जिवाणूच्या भिंतीची साखरसाखळी येऊन बसते.

हलणं म्हणजे काय ते ग्लुकोजला फॉस्फेट जोडणाऱ्या हेक्झोकायनेज या एन्झाइममध्ये बघ. त्याचे दोन भाग आहेत, मधे खाच. ग्लुकोज खाचेत आलं की एक भाग दुसऱ्याकडे सुमारे १२ अंशांनी वळतो आणि खाच मिटते. मिटली नाही तर एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवरचा फॉस्फेट ग्लुकोजऐवजी पाण्याला जाईल आणि ऊर्जा वाया जाईल. खाच मिटण्याचा फायदा हा आहे, आणि परीक्षेत मुलं नेमकं हेच लिहीत नाहीत.

आणखी एक उदाहरण वहीत उतरवून ठेव. ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन ही दोन्ही पचनाची एन्झाइमं सख्ख्या भावंडांसारखी. प्रथिन कापणारी तिन्ही अमिनो आम्लं दोघांत तीच. फरक खाचेच्या तळाशी. ट्रिप्सिनमध्ये तिथे १८९ क्रमांकावर ऋणभारित अ‍ॅस्पार्टेट आहे, म्हणून ते धनभारित लायसिन किंवा आर्जिनिनच्या पुढे कापतं. कायमोट्रिप्सिनमध्ये तिथे सेरिन आहे, म्हणून त्याला फेनिलअ‍ॅलॅनिनसारखे मोठे, पाण्यापासून दूर राहणारे गट लागतात. मग ट्रिप्सिनमधलं ते एकच आम्ल बदलून त्याचं कायमोट्रिप्सिन करता येईल? करून पाहिलं, झालं नाही. खाचेतल्या रेणूला स्पर्शही न करणारे पृष्ठभागावरचे माळेचे दोन वळसे (लूप) बदलले तेव्हा १९९२ मध्ये ते जमलं. खाचेला आकार देतो तो अख्खा गोळा. पुढचं काही अडलं तर तुझ्या बाईंनाच विचार, इंटरनेटवरच्या तयार नोट्स पाठ करू नकोस.

प्रश्न : एन्झाइमवाल्या कपड्यांच्या पावडरीत पैठणी धुतली तर चालेल का?

नाही. रेशीम हे प्रथिनच आहे, आणि त्या पावडरीतलं प्रोटिएज, म्हणजे प्रथिन कापणारं एन्झाइम, डाग कोणता आणि पदर कोणता हे ओळखत नाही.

प्रश्न : जेवणानंतर दोन चमचे पाचक एन्झाइम सिरप आम्ही सगळेच घेतो, सहा वर्षं झाली. शिवाय ‘कच्चं खा, त्यातली जिवंत एन्झाइमं मिळतात’ असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला आहे. खरं आहे का? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

कच्ची काकडी जरूर खा, ती काकडी म्हणून चांगली आहे. तिच्यातली एन्झाइमं जठरात पोचली की तिथलं आम्ल त्यांची घडी उलगडतं आणि पेप्सिन त्यांचे तुकडे करतं. डाळीतल्या प्रथिनाचं होतं तेच त्यांचं होतं.

आता सिरप. बाटलीवर बहुधा ‘फंगल डायस्टेज’ (पिष्ट पचवणारं) आणि ‘पेप्सिन’ (प्रथिन पचवणारं) लिहिलेलं असेल. पेप्सिनला काम करायला पीएच २ च्या आसपासचं तीव्र आम्ल लागतं, डायस्टेजला सौम्य आम्ल. दोघांना एकत्र पोटात पाठवलं तर एकाला सोयीची जागा ती दुसऱ्याला गैरसोयीची. आणि तुमच्या जठरात पेप्सिन, लाळेत आणि स्वादुपिंडात पिष्ट पचवणारं अमायलेज आधीच आहे. निरोगी माणसाला बाहेरच्या दोन चमच्यांनी काय मिळणार? वेलची-बडीशेपेचा स्वाद आणि साखर. दुकानात न विचारता मिळतं म्हणून ते निर्धोक आणि गरजेचं, असं धरून चालू नका.

ज्यांना एन्झाइम खरोखर लागतं त्यांचं औषध वेगळं असतं. दीर्घकाळच्या स्वादुपिंडदाहात स्वादुपिंड थकतं, तेव्हा पॅनक्रिएटिनच्या, म्हणजे स्वादुपिंडातल्या एन्झाइमांच्या, कॅप्सूल देतात. आतल्या कणांवर आम्लात न विरघळणारं वेष्टण असतं, कारण त्यातलं चरबी पचवणारं लायपेज आम्लात टिकत नाही. ते दाणे चावू नका, कुटू नका, आणि जेवणासोबतच घ्या. सहा वर्षं रोज अपचन होत असेल तर बाटली बदलू नका, पोटविकारतज्ज्ञांकडे जा. वजन उतरत असेल, शौच तेलकट आणि पांढुरकं होत असेल तर याच आठवड्यात जा.

प्रश्न : ताज्या अननसाची जेली कधीच जमत नाही, डब्यातल्या अननसाची जमते. का?

ताज्यात ब्रोमेलेन असतं, ते जेलीतल्या जिलेटिन या प्रथिनाचे तुकडे करतं. डब्यातला अननस तापवलेला असतो, त्यामुळे ब्रोमेलेनची घडी मोडलेली असते. आगर-आगर वापरा, ते प्रथिन नाही.

प्रश्न : वडील हृदयासाठी रोज छोटी अ‍ॅस्पिरिन घेतात. दात काढायचा आहे. गोळी काही तासांत रक्तातून जाते, मग आदल्या दिवशी बंद केली तर पुरेल ना? (पुणे)

स्वतःच्या मनाने एकही दिवस बंद करू नका. आता कारण. सीओएक्स-१ या एन्झाइमात एक लांबट बोगदा आहे. अ‍ॅराकिडोनिक आम्ल त्यातून आत जातं आणि शेवटी रक्तबिंबिकांना चिकटायला लावणारं रसायन तयार होतं. अ‍ॅस्पिरिन त्या बोगद्यातल्या एका सेरिनवर आपला अ‍ॅसिटिल गट कायमचा चिकटवते. वाट बंद. गोळी रक्तातून गेली तरी तो अडसर राहतो. रक्तबिंबिकेला केंद्रक नसतं, ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही, म्हणून तिच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे ७ ते १० दिवसांपर्यंत, परिणाम टिकतो.

याच बोगद्यात आयबुप्रोफेनही शिरतं, पण चिकटत नाही, काही काळ बसून निघून जातं. ते आधी बसलं तर अ‍ॅस्पिरिनला सेरिनपर्यंत पोचता येत नाही आणि रोजच्या गोळीचं संरक्षण कमी होऊ शकतं. दातदुखीवर घरातली उरलेली गोळी देताना हे कोणाच्या ध्यानात येत नाही. हृदयतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांचं एकमेकांशी फोनवर बोलणं करून द्या. स्टेंट बसवलेला असेल तर ते बोलणं झाल्याशिवाय खुर्चीत बसायचंच नाही.

प्रश्न : माझ्या तीन महिन्यांच्या मुलाला जी-६-पी-डी हे एन्झाइम कमी असल्याचा रिपोर्ट आला. जन्मल्यावर कावीळ झाली होती, उन्हात ठेवून गेली. आता तो छान आहे. सासूबाई म्हणतात लॅबची चूक असेल. वाल-पावटे बंद करा असंही कोणी सांगितलं. नक्की किती घाबरायचं? (ठाणे)

घाबरू नका, पण रिपोर्ट फाईलच्या तळाशी टाकू नका. या विषयावर मी पुन्हापुन्हा लिहिते, कारण हा दोष साधा आहे, तपासणी स्वस्त आहे आणि नुकसान जवळजवळ दर वेळी उशिरामुळे होतं.

लाल रक्तपेशीला केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत. प्राणवायू वाहताना होणाऱ्या ऑक्सिडीकरणापासून तिला वाचवतं ते एनएडीपीएच, आणि ते बनवण्याचा तिचा मार्ग जी-६-पी-डी या एन्झाइममधूनच जातो. या एन्झाइमची माळ ५१५ अमिनो आम्लांची. दोन माळा जोडीने बसल्या तरच काम चालतं. प्रत्येक माळेत एनएडीपीचा (ज्यापासून एनएडीपीएच बनतं त्याचा) एक रेणू नुसता आधारासाठी घट्ट बसलेला असतो, काम करणाऱ्या खाचेपासून दूर. त्याच्या आसपास बिघाड झाला तर गोळा सैल पडतो आणि काही रुग्णांत रक्त कायमच थोडंथोडं फुटत राहतं.

भारतात जे प्रकार जास्त आढळतात त्यांत फरक एकेका मण्याचा आहे. ‘ओरिसा’ प्रकार अनेक आदिवासी समाजांत सापडतो. त्यात ४४ व्या जागी अ‍ॅलॅनिनऐवजी ग्लायसिन असतं, नेमकं काम करणाऱ्या खाचेत एनएडीपी जिथे टेकतं त्या भागात. परिणामी एनएडीपीवरची पकड सुमारे पाचपट ढिली होते. ‘मेडिटरेनियन’ प्रकारात १८८ व्या जागी सेरिनऐवजी फेनिलअ‍ॅलॅनिन येतं आणि एन्झाइम टिकतच नाही. ‘केरळ-कल्याण’ प्रकारात ३१७ व्या जागी ग्लुटामेटऐवजी लायसिन, म्हणजे ऋणभाराच्या जागी धनभार. त्या नावातलं कल्याण हे तुमच्या शेजारचंच.

अशी मुलं एरवी ठणठणीत असतात. पेशीवर अचानक ताण आला की रक्त फुटतं. ताण कशाचा? जंतुसंसर्गाचा, काही औषधांचा आणि डांबराच्या गोळ्यांचा. त्या गोळ्यांबद्दल मला ओरडून सांगावंसं वाटतं. खूप वर्षांपूर्वी आमच्या रुग्णालयात काही दिवसांचं बाळ आलं होतं. बारशाला पणजीच्या ट्रंकेतलं झबलं, टोपडं आणि दुपटं काढलं होतं, अंगाला छान तेल लावून त्यातच गुंडाळलं होतं. त्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन वासातून जातं, कातडीतून जातं आणि तेल लावलेल्या कातडीतून जास्त जातं. बाळ पिवळं दिसू लागलं तेव्हा घरी सांगितलं गेलं, कोवळ्या उन्हात ठेवा. दोन दिवस गेले. आमच्याकडे आलं तेव्हा तळपाय हळदीसारखे होते आणि बाळ दूध ओढत नव्हतं. त्याच्या रक्ताचा थेंब मी स्वतः टीपकागदावर घेतला होता. अतिनील दिव्याखाली एनएडीपीएच निळसर चमकतं. शेजारचा निरोगी रक्ताचा ठिपका दहा मिनिटांत उजळला, बाळाचा काळाच राहिला. रक्त बदलावं लागलं. बाळ वाचलं. काविळीतलं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, मेंदूपर्यंत पोचलं होतं, आज तो मुलगा कानाला यंत्र लावतो. ते दोन दिवस मला अजून आठवतात.

म्हणून बाळाच्या कपड्यांच्या आसपास डांबराची गोळी नको, कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. अशा गोळ्यांत ठेवलेले कपडे बाळाला घालूच नका. बाळाच्या हातापायाला मेंदी लावू नका, तिनेही रक्त फुटल्याच्या नोंदी आहेत. कावीळ उन्हाने गेली असं म्हणू नका. तुमच्या बाळाची सौम्य असेल म्हणून गेली. रुग्णालयातल्या निळ्या प्रकाशाची मात्रा मोजलेली असते, गॅलरीतल्या उन्हाची नसते.

वाल-पावटे ही वेगळी वनस्पती आहे. ज्याने रक्त फुटतं तो बाकला, इंग्रजी याद्यांतला फावा बीन. भाषांतरात त्याचा वाल झाला आणि घरोघरी डाळिंब्यांची उसळ बंद झाली. बाकला कटाक्षाने टाळा. बाळ वरचं खायला लागेल तेव्हा बाकीच्या कडधान्यांची यादी बालरोगतज्ज्ञांकडून घ्या.

औषधांत प्रायमाक्विन पहिलं. व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापात (मलेरियात) यकृतात लपलेले जंतू मारायला ते १४ दिवस देतात. औषध चांगलं आहे, पण जी-६-पी-डी न तपासता दिलं तर या मुलांना महागात पडतं. डॅप्सोन आणि नायट्रोफ्युरंटॉइन हीसुद्धा यादीत आहेत. लघवी काळ्या चहासारखी झाली, मूल एकाएकी पांढरं पडलं, तर सकाळची वाट बघू नका.

लॅबची चूक? उलटी चूक जास्त होते. रक्त फुटत असताना दोषी म्हाताऱ्या पेशी आधी मरतात, नव्या पेशींत एन्झाइम जास्त असतं, आणि रिपोर्ट खोटाच ‘नॉर्मल’ येतो. म्हणून शंका असेल तर दोन-तीन महिन्यांनी मोजून होणारी तपासणी पुन्हा करायची. तुमच्या मुलाचीही करा. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, तेव्हा तुमची स्वतःची आणि मुलाच्या मामांचीही तपासणी करून घ्या. आणि प्रत्येक डॉक्टरला, प्रत्येक वेळी, त्यांनी लिहायला घेण्याआधी सांगा.

प्रश्न : दुधाने पोट फुगतं, ताकाने नाही. असं का?

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, तोडणारं लॅक्टेज कमी पडत असेल. विरजणाचे जिवाणू लॅक्टोज बरंचसं संपवतात. ताक प्या. रक्त पडत असेल किंवा वजन घटत असेल तर मात्र डॉक्टर.

प्रश्न : मामांना ऑपरेशननंतर कितीतरी तास स्वतःहून श्वास घेता येईना. आम्ही आर्य वैश्य. आता माझ्या बहिणीचं सिझेरियन ठरलंय. याचा संबंध आहे का? (नांदेड)

असू शकतो, आणि विचारलंत हे फार चांगलं केलंत. भुलीच्या वेळी स्नायू सैल करायला सक्सिनिलकोलिन देतात. रक्तातलं ब्यूटिरिलकोलिनएस्टरेज ते काही मिनिटांत तोडतं. काही घराण्यांत या एन्झाइमच्या ३०७ व्या जागी ल्युसिनऐवजी प्रोलिन आलेलं असतं. प्रोलिन माळेला वाकवतं, घडी धड होत नाही आणि मिनिटांचं औषध तास न् तास अंगात राहतं. वैश्य समाजात हा दोष वारंवार नोंदला गेला आहे. यंत्राने श्वास चालू ठेवला की माणूस पूर्ण बरा होतो, पण भूलतज्ज्ञांना आधी माहीत असायला हवं. त्या औषधाला पर्याय आहेत, आणि सिझेरियन पुष्कळदा कमरेतल्या इंजेक्शनवर होतं. मामांचा डिस्चार्ज कागद शोधा, बहिणीच्या रक्तातली कोलिनएस्टरेजची पातळी तपासायला सांगा, आणि ‘सक्सिनिलकोलिन देण्याआधी विचारा’ असं केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घ्या. कळा अपरात्री सुरू झाल्या तर दवाखान्यात वेगळेच भूलतज्ज्ञ असतील, त्यांनाही ते पान दाखवा.