खर्ऱ्यात धूर नसतो, मग घातक काय असतं?

तुम्ही विचारलंय की, विडीच्या धुरात सात हजार रसायनं असतात म्हणे, पण मी तर नुसता खर्रा खातो, म्हणजे तंबाखूच्या झाडाचं पान आणि सुपारी. मग मला कितीसा धोका? मी भंडारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. हेच मला नववीतल्या एका पोरानं विचारलं होतं, "सर, खर्ऱ्यात धूर कोठी राह्यते जी?" पोराचा स्वतःचा खिसा फुगलेला होता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सात हजारांचा आकडा खरा आहे, पण ती सगळी रसायनं पानात बसलेली नसतात. बरीचशी जळताना तयार होतात. झुरका ओढला की सिगारेटचं टोक ९०० अंशांच्या आसपास तापतं, आणि निखाऱ्याच्या लगेच मागे हवा पुरत नाही. तिथं पान धड जळत नाही, नुसतं करपतं. रेणू तुटतात आणि तुकडे भलतीकडेच जोडले जातात. कार्बन मोनॉक्साईड, बेन्झीन, फॉर्माल्डिहाईड, बेन्झोपायरीन, हायड्रोजन सायनाईड हे सगळे तिथले. विडीचा तेंदूपत्ता सिगारेटच्या कागदासारखी हवा आत घेत नाही आणि लवकर विझतो, म्हणून विडी जोरानं आणि घडीघडी ओढावी लागते. तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असली तरी धूर सौम्य होत नाही, तो त्यामुळेच.

हा धूर खर्ऱ्यात नाही, इतकं तुमचं बरोबर. पण पानातलं काय?

पानात मुख्य म्हणजे निकोटीन. झाड ते मुळांत बनवतं आणि पानांत साठवतं, किडीनं पान खाऊ नये म्हणून. माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, दिवसभर बोटं त्यातच. संध्याकाळी तिचं डोकं ठणकायचं, मळमळायचं, आणि घरात सगळे म्हणायचे उन्हाचं आहे. सावलीत बसून ऊन कसं लागेल? निकोटीन कातडीतून आणि उडणाऱ्या भुकटीतूनही अंगात जातं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

मात्र निकोटीनचं काम मुख्यतः व्यसन लावण्याचं. कॅन्सर करणारे वेगळे आहेत, त्यांना नायट्रोसमाइन म्हणतात. ताज्या हिरव्या पानात ते नगण्य असतात. पान सुकवताना, मुरवताना, साठवताना जीवाणू त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, आणि ते निकोटीनसारख्या अल्कलॉइडांशी जुळून ही संयुगं बनतात. त्यातली एनएनएन आणि एनएनके ही दोन तर माणसाला कॅन्सर करतात हे पक्कं ठरलेलं आहे. त्यांना आग लागत नाही, काडी लागत नाही. तुमच्या पुडीत ती आयतीच असतात. शिवाय जमिनीतून ओढलेलं थोडं कॅडमियमही.

आता चुना. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. पानठेल्यावर खर्रा घोटताना बघा: सुपारी, तंबाखू, वर ओल्या चुन्याचं बोट, मग पन्नीत गुंडाळून घासघास घासतात. मी वर्गात एक प्रयोग करतो. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले दोन कागद घेतो. एकावर नुसत्या भिजवलेल्या तंबाखूचं पाणी टाकतो. कागद मळका होतो, पण पिवळाच राहतो. दुसऱ्यावर चुना मळलेल्या तंबाखूचं पाणी टाकलं की तो लाल होतो. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो हे आपल्या घराघरांत माहीत आहे, तेच हे.

तो लाल रंग काय सांगतो? नुसत्या तंबाखूत निकोटीन क्षाराच्या रूपात अडकलेलं असतं आणि गालाच्या आतल्या कातडीतून सहज पार होत नाही. चुन्यानं सामू, म्हणजे पीएच, वाढतो; लाल रंग तेच दाखवतो. सामू ६ असेल तर शंभरातला जेमतेम एक भाग मोकळा असतो. सामू ८ ला निम्मा मोकळा होतो, ९ ला नव्वदच्या वर. म्हणजे चिमूटभर चुन्यानं तीच तंबाखू कितीतरी पट जोरात लागते. वर चुना तोंडाची आतली कातडी सोलतो, आणि सोललेल्या जागेतून बाकीचं विष आत शिरतं. चुना सोडून खाल्ला तर? झटका कमी बसेल, आणि तलफ भागवायला हात दुसऱ्या पुडीकडे जाईल. एनएनएन तर जिथल्या तिथंच.

राहिली सुपारी, जिला तुम्ही निरुपद्रवी धरलंय. तंबाखूशिवायही सुपारीनं कॅन्सर होतो. तिच्यातलं अरेकोलिन गालाच्या आत तंतू वाढवतं, गाल कातड्याच्या पट्ट्यासारखा ताठ होतो. माझ्या काकांना आधी तिखट सोसेना, मग भाकर तोडता येईना. शेवटी काकू वरणभात कालवून चमच्यानं भरवायची, कारण दातांमधून एकच बोट जाईल एवढंच तोंड उघडत होतं. ते जन्मात कधी विडी प्याले नाहीत.

सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत. आणि उद्या सकाळी तोंड धुताना एवढं करा: आपलीच तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहा. तीन सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील, किंवा वरणाचंही तिखट झोंबत असेल, तर खर्रा त्याच दिवशी बंद करून दातांच्या डॉक्टरकडे जा आणि गाल आतून तपासून घ्या.